साहेब, पावसाळा थकबाकीत मिळत नाही

प्रति,
मा. तारखा ठरवणारे साहेब,
संशोधन फेलोशिप कक्ष (खातं कुठलंही चालेल)

विषय : पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी आपण सातत्याने केलेल्या उशिराबद्दल आभार मानण्याबाबत.
संदर्भ : आपल्या संकेतस्थळावरील ‘लवकरच कळवण्यात येईल’ ही सूचना.

महोदय,

सर्वप्रथम आपलं अभिनंदन. इतक्या वर्षांत फेलोशिप मागायला आलेल्या एकाही पोराला आपण तोंडावर नकार दिलेला नाही. नकार देणारा माणूस उघडा पडतो. त्याच्यावर मोर्चा येतो, माहिती अधिकाराचा अर्ज पडतो, एखादा आमदार तारांकित प्रश्न टाकतो. आपण नुसता उशीर करता. जाहिरात उशिरा काढता, परीक्षा पुढे ढकलता, निकाल छाननीत ठेवता, यादी लागली की कागदपत्रांची पडताळणी लावता, आणि पैसे सोडायची वेळ येते तेव्हा आर्थिक वर्ष संपत आलेलं असतं. यात कुठल्याच टप्प्यावर कुणावरच ठपका ठेवता येत नाही. या कसबाला आमचा साष्टांग नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात पर्यावरणशास्त्र शिकवतो. पोट्ट्यांना एमएस्सीला, पीएचडीला पैसे कुठून मिळतील ते शोधून देणं हे माझं पगाराबाहेरचं काम. त्यात सर्वाधिक गाठ पडते ती आपल्याशीच. पत्र उघड लिहितो आहे, कारण बंद पाकिटातली पत्रं आवक-जावकच्या टेबलावर निवृत्त होतात असा आमच्याकडे समज आहे.

आपण कधी इकडे आला नसाल, म्हणून जिल्ह्याची थोडी ओळख करून देतो. पर्यावरणाचा अभ्यास करायला याहून सोयीची जागा सापडणं कठीण. वणीकडे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या कोळसा खाणी आहेत. पांढरकवडा, झरी जामणी भागात बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घ्यावं. त्याहून जास्त पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी चट्टे येतात, पुढे हाडं-सांधे धरतात. टिपेश्वर आणि पैनगंगा ही दोन अभयारण्यं आहेत. राळेगावच्या जंगलात 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री अवनी वाघीण गोळी घालून मारली गेली. तिच्या नावावर 13 माणसांचे बळी मांडले होते. माणूस, गुरं, कापूस आणि वाघ एकाच शिवारात कसे राहतात, हा प्रश्न आमच्याकडे पुस्तकात नाही, धुऱ्यावर आहे.

आणि 2017. त्या साली कापूस डोक्याच्या वर गेला होता, हवा दमट होती, बोंडअळी आणि रसशोषक किडींच्या भीतीने दोन-तीन औषधं एकत्र कालवून फवारणी चालली होती. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत शेकडो शेतकरी आणि शेतमजूर यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात भरती झाले. जिल्ह्यात वीसवर माणसं दगावली. विशेष तपास पथक नेमलं गेलं. पुढे पब्लिक आय नावाच्या एका स्विस संस्थेने या विषबाधेची कागदपत्रं मिळवली, आणि आमच्या शेतकऱ्यांच्या बायका कीटकनाशक कंपनीशी भांडायला थेट स्वित्झर्लंडपर्यंत पोचल्या. यवतमाळच्या रक्तातल्या विषाचा हिशोब आधी तिकडच्या बाझेल शहरात मांडला जातो, मग आम्हाला पेपरात वाचायला मिळतो.

अभ्यासाची वाण नाही, हे एव्हाना आपल्या ध्यानात आलं असेल. गाड्या येतात, पथकं येतात, प्रकल्प येतात. आमची पोरं त्यांना रस्ता दाखवतात, कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, नेऊन त्यांचं बोलणं समजावून सांगतात, पाण्याच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवतात. अहवाल छापून येतो तेव्हा आभाराच्या शेवटच्या ओळीत ‘स्थानिक ग्रामस्थ’ म्हणून त्यांचा सत्कार होतो. यातल्या एखाद्या ग्रामस्थाला वाटलं की आता बाटलीवर चिठ्ठी डकवण्याऐवजी अहवालावर आपलंच नाव असावं, की त्याला आपल्या दारात यावं लागतं.

नशीब काढलं ते टिपेश्वरच्या एका वाघाने. टी1सी1 त्याचं नाव. भारतीय वन्यजीव संस्थेने 2019 साली त्याला रेडिओ कॉलर घातली आणि गडी निघाला. तेलंगणात डोकावून, शेतं, नाले, महामार्ग ओलांडत पाच महिन्यांत सुमारे 1300 किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. एवढ्या फिल्डवर्कमध्ये त्याला कुणी रहिवासी दाखला मागितला नाही, सहामाही प्रगती अहवालावर गाईडची सही मागितली नाही. त्याच जंगलाच्या कडेला वाढलेला पोरगा मात्र त्या वाघाचा अभ्यास करतो म्हणाला, तर आधी तहसीलला उत्पन्नाचा दाखला काढायला जातो.

आता मुद्द्याचं. तुमचा उशीर सगळ्याच विषयांच्या पोरांना छळतो, हे खरं. भाषेचा, इतिहासाचा विद्यार्थी उपाशी राहतो, पण त्याची हस्तलिखितं कपाटात थांबलेली असतात. पर्यावरणाचा अभ्यास थांबून राहत नाही, कारण त्याला ऋतू असतो. भूजलातलं फ्लोराइड मोजायचं तर एक नमुना मे महिन्यात घ्यावा लागतो, पाणी तळाला गेलेलं असताना, आणि दुसरा पावसाळ्यानंतर, जमिनीत नवं पाणी मुरल्यावर. दोन्ही असतील तरच तुलना होते. फवारणीच्या विषाचा अभ्यास करायचा तर मजुराच्या रक्तातलं कोलिनेस्टरेज नावाचं विकर तपासतात. ऑर्गनोफॉस्फेट गटातली औषधं ते विकर दाबून टाकतात. त्याची पातळी माणसागणिक वेगळी, म्हणून फवारणी सुरू होण्याआधी एक नमुना हवा आणि फवारणीच्या दिवसांत दुसरा. हंगाम सरला की पातळी हळूहळू वर येते आणि पुरावा माणसाच्या अंगातूनच पुसला जातो. खाणीच्या धुळीचं मोजमाप हिवाळ्यात करावं, कारण थंड हवा जमिनीलगत बसते आणि धूळही तिच्यासोबत खाली राहते. आमच्याकडे असे तीन ऋतू आहेत. तुमच्याकडे एकच, मार्च एंड.

एक साधा हिशोब मांडून दाखवतो. पोरीला फेलोशिप मंजूर झाल्याचं जूनमध्ये कळलं, असं धरा. पहिला हप्ता यायला फेब्रुवारी उजाडतो. मेचा नमुना तर आधीच हुकलेला, मधल्या काळात ऑगस्टची फवारणी गेली, पावसाळ्यानंतरचं पाणी गेलं, हिवाळ्याची धूळही बसली. फेब्रुवारीत खात्यात एकदम आठ महिन्यांची रक्कम येते, आणि सोबत आपलं पत्र येतं की खर्च 31 मार्चच्या आत करून उपयोगिता प्रमाणपत्र पाठवावे. ती खर्च करते, कारण करावाच लागतो. शहरातून प्रिंटरची काडतुसं येतात, फायली येतात, एखादी खुर्ची येते. नमुना मात्र एकही येत नाही. मग वर्षअखेरीला आपली समिती चष्म्यावरून पाहत विचारते, पहिल्या वर्षात आकडेवारी का नाही? पैसे थकबाकीसह देता येतात, साहेब. पावसाळा तसा देता येत नाही.

मुदत मोजताना मात्र आपलं घड्याळ एकदम तंदुरुस्त. ती निवडीपासून किंवा नोंदणीपासून धावते. आपण खाल्लेले महिने तिच्या पाच वर्षांतून वजा होतात, आपल्या नोकरीतून नाही.

आपल्या तारखांचा इतिहासही मोठा रंजक आहे. राज्य सरकारच्या बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थांच्या पीएचडी फेलोशिपसाठी 24 डिसेंबर 2023 रोजी सामायिक चाचणी झाली. पोरांनी पेपर उघडला तर 2019 च्या सेट परीक्षेचाच पेपर पुन्हा छापून आलेला. परीक्षा रद्द करावी लागली. 10 जानेवारी 2024 ला ती पुन्हा घेतली, तर काही संचांची पाकिटं नीट सीलबंद नव्हती, आणि पोरांनी बहिष्कार टाकला. थंडीत रात्रभर एसटीने नागपूर गाठलेल्या पोरांनी परीक्षा केंद्राबाहेर घोषणा दिल्या आणि ती परतीच्या एसटीत बसली. त्याआधीच्या डिसेंबरात, त्याच नागपुरात, हिवाळी अधिवेशनात सरकारच्या बाजूने सवाल आला होता की पीएचडी करून हे काय दिवे लावणार आहेत?

दिव्यांचं म्हणाल तर उत्तर सोपं आहे. 2017 च्या जूनमध्ये, म्हणजे पहिला रुग्ण येण्याआधी, जिल्ह्यातल्या चार-दोन गावांत शंभरेक मजुरांच्या रक्तातली कोलिनेस्टरेजची पातळी कुणी नोंदवून ठेवली असती, तर ऑगस्टमध्ये धोक्याची घंटा वाजवता आली असती. असं काम कुणा मोठ्या शास्त्रज्ञाचं नसतं. गावात मुक्काम ठोकणाऱ्या, मजुरांच्या ओळखीच्या पीएचडीच्या पोरीचं असतं, आणि तिला त्यासाठी जूनमध्ये पैसे लागतात.

हा दोष फक्त मुंबई-पुण्याकडे ढकलून चालणार नाही. दिल्लीतली आपली भावंडंही तेवढीच कर्तबगार आहेत. यूजीसी-नेट 18 जून 2024 ला झाली आणि 19 तारखेला रद्द झाली. पोरांनी ती ऑगस्ट-सप्टेंबरात पुन्हा दिली. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप बंद केल्याचं डिसेंबर 2022 मध्ये सांगण्यात आलं. जे आधीपासून तीत होते, तेही 2025 साली महिनोन् महिने विद्यावेतनाची वाट पाहत बसले. अनुसूचित जाती, भटके-विमुक्त आणि भूमिहीन शेतमजुरांच्या मुलांना परदेशी शिकायला पाठवणारी राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती घ्या. जुलै 2025 मध्ये 106 जण निवडले गेले आणि पत्रं आधी 40 जणांनाच गेली. बाकीच्यांना कळवलं की निधी उपलब्ध झाला तर विचार होईल. तिकडचं विद्यापीठ सप्टेंबरात सुरू होतं. ते थांबत नाही, कारण तिथे आपल्यासारखं कुणी बसलेलं नसावं.

या धंद्याची परंपरा जुनी आहे, हेही मान्य करू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं. पुढे लंडनला अभ्यास सुरू झाला आणि मुदत संपली. 1917 साली काम अर्धवट टाकून त्यांना परत यावं लागलं. सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून घेतलेलं कर्ज एवढं जमवून ते पुन्हा लंडनला गेले, तेव्हा 1920 साल उजाडलं होतं. शिष्यवृत्तीच्या एका तारखेने आंबेडकरांची तीन वर्षं खाल्ली. लंडनच्या विद्यापीठाने त्यांच्यासाठी दार चार वर्षं उघडं ठेवलं होतं, म्हणून ते वाचले. आमच्या पोरीला आपण चार आठवडे तरी ठेवाल का?

अटींबद्दलही दोन शब्द लिहायला हवेत, कारण त्यातही उशीर कसा लपवायचा याचा आपण धडाच घालून दिला आहे. जाहिरात निघते, मुदत पंधरा-वीस दिवसांची, आणि कागद असे की त्यातला एकेक मिळवायला महिना लागावा. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, जात वैधता, गाईडचं पत्र, संशोधन केंद्राची मान्यता, स्टॅम्प पेपरवरचं हमीपत्र. सेतू केंद्रात सर्व्हर डाऊन. तलाठी पंचनाम्याला गेलेले. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या पोराला मुदत संपायच्या आदल्या रात्री अर्ज भरायला जमतो, तेव्हा आपलं संकेतस्थळ झोपी जातं. पुण्यात किंवा मुंबईत राहणाऱ्याला मुदत तेवढीच मिळते, हे खरं. समान संधी म्हणतात ती हीच.

केंद्रीय विद्यापीठात नेट नसलेल्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला महिना 8,000 रुपये मिळतात. आमचं अमरावती विद्यापीठ राज्याचं, म्हणून तेवढेही नाहीत. नेट द्यायची तर पेपर इंग्रजीत किंवा हिंदीत. मराठीतून शिकून आलेल्या पोरीने आधी भाषांतर करायचं, मग उत्तर निवडायचं, आणि दोन्हींना वेळ एकच. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाकडे हिमालय अभ्यासासाठी वेगळी राष्ट्रीय योजना आहे, त्यात संशोधकांना फेलोशिपही मिळतात. उत्तम गोष्ट आहे. मागच्या उन्हाळ्यात वर्गात एक पोट्टा म्हणाला, सर, टिपेश्वरच्या टेकडीवर बर्फ टाकला तर आपला नंबर लागन का? मी त्याला म्हटलं, टाकून बघ, पण जाहिरात निघाली की मगच टाक, आधी टाकशील तर वितळून जाईल.

आपला उशीर आता आम्ही हवामानासारखाच गृहीत धरतो. त्याच्या भोवतीने वाट काढतो. आपल्याला राग येणार नसेल तर सांगतो कशी.

आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर एक मोठा तक्ता आहे. त्यात ज्यांच्या तारखा पक्क्या असतात त्यांची नावं वर आणि आपल्यासारख्यांची खाली. यूजीसी-नेट साधारण जून आणि डिसेंबरच्या फेरीत होते आणि पर्यावरणशास्त्र हा तीत स्वतंत्र विषय आहे. जेआरएफ ही संशोधन फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि त्यानंतर 42,000 रुपये, हा दर 1 जानेवारी 2023 पासूनचा. सेट पास झालं की सहायक प्राध्यापक व्हायची पात्रता मिळते, फेलोशिप मिळत नाही, हे आम्ही दरवर्षी नव्याने फळ्यावर लिहितो, कारण दरवर्षी कुणीतरी घरी पेढे वाटून बसलेलं असतं. ज्यांचा जो प्रवर्ग त्यांनी बार्टी, सारथी, महाज्योती किंवा टीआरटीआयचे सगळे कागद पीएचडीची नोंदणी व्हायच्या आधीच फाईलमध्ये लावून ठेवायचे. जाहिरातीची वाट पाहून दाखला काढायला जायचं नाही.

परदेशाच्या तारखा वर्षानुवर्षं साधारण जागच्या जागी असतात, हे पाहून पोरांना आधी विश्वासच बसत नाही. ब्रिटनची चेव्हनिंग साधारण ऑगस्टमध्ये उघडते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंद होते. दोन वर्षांचा, म्हणजे 2,800 तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि तो पाणलोटाच्या संस्थेतला किंवा गावातल्या प्रकल्पातला असला तरी चालतो. युरोपची इरॅस्मस मुंडस साधारण ऑक्टोबर ते जानेवारीत. पर्यावरण विज्ञान, धोरण आणि व्यवस्थापन यांचा एकत्र अभ्यासक्रमच तिच्यात आहे, आणि शिष्यवृत्ती मिळाली तर महिना 1,400 युरो. अमेरिकेच्या फुलब्राइट-नेहरू मास्टर्समध्ये पर्यावरण हा विषय आहे, तीन वर्षांचा अनुभव लागतो. इथे पीएचडी करणाऱ्यांसाठी फुलब्राइट-कलाम ही हवामान बदलावरची वेगळी फेलोशिप आहे. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर अनुसूचित जातीचे 75 विद्यार्थी दरवर्षी परदेशी जातात, पण विद्यापीठ जागतिक क्रमवारीत पहिल्या 200 मधलं हवं. म्हणून आधी प्रवेश, मग अर्ज, आणि मधल्या काळात देवाला नवस.

पैसे थोडे पण वेळेवर हवे असतील तर रफर्ड संस्थेचं छोटं अनुदान आहे, इनलॅक्स संस्थेने पक्षीतज्ज्ञ रवी शंकरन यांच्या नावाने सुरू केलेला वन्यजीव संवर्धनाचा कार्यक्रम आहे. काही लाखांत एका हंगामाचं काम निघतं. अझीम प्रेमजी विद्यापीठात घरची ऐपत पाहून पूर्ण फी माफ होऊ शकते. एवढ्या वाटा असतात हेच आमच्या पोरांना कुणी सांगितलेलं नसतं. यवतमाळात हे सांगायचं काम 2017 च्या सुमारास एकलव्य या संस्थेने हाती घेतलं. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतकरी घरातून आलेले राजू केंद्रे तिचे संस्थापक. घरातल्या पहिल्या पिढीने उच्चशिक्षणात जावं म्हणून ही मंडळी कार्यशाळा घेतात, अर्ज तपासून देतात, मुलाखतीची तयारी करून घेतात. केंद्रे स्वतः 2021 साली चेव्हनिंगवर लंडनला शिकून आले. सांगायचा मुद्दा असा की या जिल्ह्यातला पोरगा अर्ज भरायला कमी पडत नाही. पलीकडे तारीख पाळणारा माणूस असला की तो पोचतो.

यावर आपलं उत्तर मला तोंडपाठ आहे. निधी मर्यादित आहे. अर्ज फार येतात. काही जण फेलोशिपसाठीच पीएचडी करतात. साहेब, पगारासाठीच नोकरी करणाऱ्यांनी हा शेवटचा आरोप करावा, यात एक खुमारी आहे. आणि महिन्याच्या 37,000 रुपयांसाठी कुणी मेच्या उन्हात झरी जामणीच्या बोअरवेलवर बाटली भरायला येत असेल, तर त्याला येऊ द्या. तिथे फुकट येणारा आम्हाला अजून भेटलेला नाही. निधी मर्यादित असेल तर जागा कमी करा, त्याबद्दल भांडायला आम्हाला एक निश्चित आकडा तरी मिळेल. पण ज्याला द्यायचं ठरवलं त्याला हंगामाच्या आधी द्या. अर्धे पैसे वेळेवर देणारा दाता पूर्ण पैसे वेळ टळल्यावर देणाऱ्यापेक्षा आमच्या विषयाला जास्त उपयोगी आहे.

म्हणून आमच्या बाजूच्या काही अटी कळवत आहे. आपल्याच नमुन्यात लिहिल्या आहेत, समजायला अडचण येऊ नये.

एक. वर्षभराच्या जाहिरात, परीक्षा, निकाल आणि वितरण या चारही तारखा 1 जानेवारीला एकत्र जाहीर कराव्यात. त्यानंतर बदल झाल्यास कारण आणि जबाबदार अधिकाऱ्याचं पदनाम संकेतस्थळावर टाकावं.

दोन. क्षेत्रकाम असलेल्या विषयांचा पहिला हप्ता एप्रिलमध्ये, म्हणजे मेच्या नमुन्याआधी, खात्यात जमा व्हावा. एप्रिल हा आपल्या आर्थिक वर्षाचाही पहिला महिना आहे, त्यामुळे तिजोरी रिकामी असल्याचं कारण तेव्हा तरी चालणार नाही.

तीन. जितके महिने उशीर, तितके महिने मुदतवाढ, विनाअर्ज. त्यासाठी विद्यार्थ्याने पुन्हा प्रमाणपत्र आणू नये, कारण उशिराचा दाखला आपल्याकडेच आहे.

चार. 31 मार्चच्या खर्चाची सक्ती क्षेत्रकामाला लागू नसावी. नमुना ऋतूत घ्यायचा असतो, आर्थिक वर्षात नाही.

पाच. जे विद्यार्थी ज्या जिल्ह्याचा अभ्यास करतात त्याच जिल्ह्यातून आलेले आहेत, त्यांना निवडीत त्या माहितीचे गुण मिळावेत. बाहेरून येणाऱ्याला एका हंगामात जे कळतं ते त्यांना आधीपासून ठाऊक असतं, आणि तेवढे महिने आपला निधी वाचतो. बचतीची बाब आहे म्हणून मान्य होईल अशी आशा.

या पत्राची पोच 30 एप्रिलच्या आत द्यावी. त्यानंतर मी आणि माझी पोरं पाण्याच्या बाटल्या घेऊन गावोगाव असू, आपले पैसे आले असोत वा नसोत. उशिरा आलेलं उत्तर पुढील आर्थिक वर्षात विचारात घेतलं जाईल, आणि त्यासाठी आपल्याला नव्याने अर्ज करावा लागेल.

कळावे,

आपला हंगामी हितचिंतक,
पर्यावरणशास्त्राचा एक प्राध्यापक,
जि. यवतमाळ

प्रत माहितीस्तव : जे विद्यार्थी अजूनही संकेतस्थळ उघडून बसले आहेत, त्यांस. पोरांनो, बंद करा आणि भिंतीवरचा तक्ता पाहा.